बोर्डिंगवरून कुत्रं खोकत घरी आलं तर: जबाबदारी कुणाची आणि तुम्ही काय करायचं

दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की साताऱ्यात कुत्री पाळणाऱ्यांच्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते. गावाला जाताना कुत्रा बोर्डिंगला, म्हणजे कुत्री सांभाळणाऱ्या जागी, किंवा ओळखीच्या शेल्टरमध्ये ठेवला. आणला तेव्हा चांगला होता, पण तीन-चार दिवसांनी रात्री ढास लागली. डॉक्टर म्हणतात केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा एकमेकांपासून लागणारा खोकला. मालक म्हणतो शेल्टरने दिला. शेल्टर म्हणतं तुमचा कुत्रा येतानाच घेऊन आला असेल. या वादात आठवडा जातो, आणि तेवढ्यात शेल्टरमधली आणखी चार कुत्री खोकायला लागतात.

मी शेल्टरच्या कामात मदत करते, त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी बघत आले आहे. ज्यांनी पहिल्यांदाच कुत्रा पाळलाय किंवा जे नव्यानेच शेल्टरवर मदतीला यायला लागलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं मत आधीच सांगते: खोकला लागला एवढ्यावरून कुणी दोषी ठरत नाही. खोकणारा कुत्रा लपवला, तो वेगळा बांधला नाही, बाकीच्यांना कळवलं नाही, तर तो दोष, मग तो शेल्टरचा असो नाहीतर मालकाचा. पुढचं सगळं याच हिशोबाने वाचा.

आधी कुत्र्याकडे बघा

केनेल कफचा खोकला एकदा ऐकला की विसरत नाही. कोरडा, घुमणारा, एकामागून एक. कुत्रा मान पुढे ताणतो, पाठ वाकवतो, ढास लागते आणि शेवटी उलटी येणार असं वाटून थोडा पांढरा फेस पडतो. मग दोन मिनिटांत शेपटी हलवत परत जेवणाच्या भांड्याकडे. बघणाऱ्याला हमखास वाटतं की घशात हाड अडकलंय. अशा वेळी लोक तोंडात बोट घालून बघतात. तसं करू नका, घसा आधीच सुजलेला असतो आणि घाबरलेला कुत्रा चावतो. गळ्यावर पट्ट्याचा ताण आला की खोकला सुरू होतो, ही एक साधी खूण. हाड अडकलेला कुत्रा सहसा सारखी लाळ गाळतो, पंजाने तोंड खाजवतो, जेवणाला तोंड लावत नाही. शंका असेल तर डॉक्टरांनाच बघू द्या.

हा आजार एकाच जंतूचा नसतो. बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका नावाचा जिवाणू (माणसांना डांग्या खोकला देणाऱ्या जिवाणूचा हा भाऊबंद), पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू, अ‍ॅडिनोव्हायरस टाइप २, मायकोप्लाझ्मा, कुत्र्यांचा श्वसनाचा कोरोना विषाणू असे बरेच जण यात असतात, आणि पुष्कळदा दोन-तीन एकत्र येतात. खोकल्याच्या तुषारांतून, नाकाला नाक लावण्यातून, एकाच भांड्यातल्या पाण्यातून, साखळीतून आणि एका कुत्र्याला कुरवाळून लगेच दुसऱ्याला हात लावणाऱ्या माणसाच्या हातांतून तो पसरतो. शाळा सुरू झाली की मुलं सर्दी घरी आणतात तसाच हा प्रकार.

निरोगी, मोठा कुत्रा बहुधा एक ते तीन आठवड्यांत बरा होतो. पण पुढीलपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा: एक दिवसभर जेवला नाही, मलूल पडून आहे, श्वास घेताना पोट भात्यासारखं हलतंय, नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येतोय, हिरड्या निळसर दिसताहेत, ताप १०३ अंशांच्या वर आहे. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे १०१ बघून घाबरू नका. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, म्हातारा कुत्रा, हृदयाचा आजार असलेला किंवा पग, शिह त्झू असा चपट्या नाकाचा कुत्रा असेल तर यातलं काही दिसायची वाट बघू नका, पहिल्याच दिवशी दाखवा. यांच्यात खोकला छातीत उतरून न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही.

घरातल्या डब्यातलं औषध अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. माणसांच्या काही कफ सिरपमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल हा गोड पदार्थ असतो, तो तर थोडासुद्धा घातक. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक सुरू करणंही चूक. सौम्य खोकल्याला डॉक्टर कधी अँटिबायोटिक देतच नाहीत, कधी डॉक्सिसायक्लिन देतात, ते त्यांना तपासून ठरवू द्या. हळद-दूध पाजायची आपल्याकडे सवय आहे, पण बऱ्याच कुत्र्यांना दुधाने जुलाब होतात. मोठ्या कुत्र्याला अर्धा चमचा मध कोमट पाण्यात चालतो, मधुमेह असेल तर तोही नाही. आणि मान वर धरून चमच्याने ओतू नका. खोकणाऱ्या कुत्र्याच्या घशात जबरदस्तीने ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं.

मग तारखा लिहून काढा

संसर्ग झाल्यापासून खोकला सुरू व्हायला साधारण २ ते १४ दिवस लागतात. जबाबदारीच्या प्रश्नात हाच आकडा सगळ्यात कामाचा, आणि भांडणात नेमकं याकडेच कुणी बघत नाही.

समजा तुम्ही शुक्रवारी सकाळी कुत्रा सोडला आणि मंगळवारी संध्याकाळी आणला. शनिवारी सकाळीच तो खोकायला लागला असेल तर जंतू बहुतेक घरूनच गेला. मग त्या शेल्टरमधल्या बाकीच्या कुत्र्यांच्या मालकांनीच तुमच्याकडे उत्तर मागायला हवं. गुरुवारी-शुक्रवारी खोकला आला तर शेल्टरची शक्यता मोठी, पण एकमेव नाही. सोडण्याच्या आदल्या रविवारी चार भिंतीला (साताऱ्यातल्या टेकडीवरचं फिरायचं ठिकाण) फिरायला नेला होता का? डॉक्टरांकडे लसीसाठी नेला तेव्हा बाकावर शेजारी दुसरा कुत्रा होता का? फाटकाच्या जाळीतून गल्लीतल्या कुत्र्यांशी नाक लावतो का? आणि आणल्यानंतर तीन आठवड्यांनी खोकला आला असेल, तर शेल्टरचं नाव घेण्यात अर्थ नाही.

कागदावर तीन ओळी पुरतात. कधी सोडला आणि कधी आणला, पहिल्यांदा कधी खोकला, त्याआधीच्या १४ दिवसांत कुठल्या कुत्र्यांच्या जवळ गेला. डॉक्टरांनाही हेच सांगा. ते केसपेपरवर लिहितील आणि तो कागद पुढे कामाला येईल. मोबाईलवर खोकल्याचा छोटा व्हिडिओ काढा, आवाज नीट ऐकू येईल असा, कारण दवाखान्याच्या टेबलावर कुत्रा अर्धा तास एकदाही खोकत नाही असं नेहमी होतं.

शेल्टरला त्याच दिवशी कळवा

पैशांचं नंतर. पहिला मेसेज फक्त माहितीचा असावा. साधारण असा:

“नमस्कार दादा, आमचा मोती ७ ते ११ तारखेला तुमच्याकडे होता. काल रात्रीपासून कोरडा खोकला आहे. आज डॉक्टरांना दाखवलं, केनेल कफ असावा म्हणाले. केसपेपर आणि व्हिडिओ पाठवते. तुमच्याकडे अजून कुणी खोकतंय का ते बघा आणि त्या दिवसांत जी कुत्री तिथे होती त्यांच्या घरीही कळवा.”

यात आरोप नाही, पण तारखा आहेत, आणि हा मेसेज तुमच्याकडे पुरावा म्हणून राहतो. फोन केला असेल तरी नंतर हे लिहून पाठवा. समोरून काय उत्तर येतं यावरून शेल्टरची बरीच परीक्षा होते. चांगला चालक लगेच विचारतो: कुत्रा कसा आहे, जेवतोय का, डॉक्टरांनी काय दिलं? कोणत्या कप्प्यात होता ते रजिस्टरमध्ये बघतो आणि शेजारच्या कप्प्यांतल्या कुत्र्यांच्या मालकांना फोन करतो. “आमच्याकडे असं काही होतच नाही” असं उत्तर आलं तर पुढच्या वेळी तिथे ठेवू नका. जिथे कुत्री एकत्र राहतात तिथे हे कधी ना कधी होतंच.

शेल्टरने काय करायला हवं होतं

नवीन लोक इथेच गोंधळतात, त्यामुळे थोडं सविस्तर. शेल्टरवर खोकला येऊच न देण्याची जबाबदारी टाकता येत नाही. वाजवी काळजी घेण्याची टाकता येते, आणि ती कशात दिसते ते प्रत्यक्ष जाऊन तपासता येतं.

पहिली गोष्ट लसीचं कार्ड. कुत्रा आत घेण्यापूर्वी ते बघितलं का? बहुतेक मालक सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन या अनेक आजारांवरच्या एकत्र लसीचं स्टिकर दाखवतात आणि समजतात की खोकल्याचीही लस झाली. त्या लसीत पॅराइन्फ्लुएन्झा, अ‍ॅडिनोव्हायरस आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) असतात, बोर्डेटेला नसतो. बोर्डेटेलाची लस वेगळी घ्यावी लागते. नाकात थेंब टाकायची जी लस मिळते तिचा बोर्डेटेलाविरुद्धचा परिणाम साधारण ७२ तासांत सुरू होतो, त्यातल्या पॅराइन्फ्लुएन्झा भागाला मात्र तीन आठवडे लागतात. संरक्षण साधारण वर्षभर. म्हणून गावाला निघायच्या आदल्या दिवशी लस देऊन काही साधत नाही. साताऱ्यातल्या प्रत्येक दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ती असेलच असं नाही, त्यामुळे महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून ठेवा. लस घेतलेल्या कुत्र्यालाही खोकला होऊ शकतो, कारण जंतू अनेक आहेत. पण तो हलका जातो आणि न्यूमोनियापर्यंत सहसा पोचत नाही.

दुसरी गोष्ट हवा. आपल्याकडे बरीच शेल्टर्स पत्र्याच्या शेडमध्ये चालतात. जून ते सप्टेंबर पावसाची झड आत येते म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री लावतात. आत ओल, मुताचा वास, गरम कोंडलेली हवा आणि वीस तोंडं. मुताचा वास डोळ्यांना झोंबला तर समजा की अमोनिया साठलाय, आणि त्याने कुत्र्यांच्या श्वासनलिकेचं अस्तर आधीच दुखावलेलं असतं. अशा शेडमध्ये एक खोकणारा कुत्रा आला की आठवडाभरात सगळं शेड खोकतं. ताडपत्री खालून लावून वरची दीड-दोन फूट जागा मोकळी ठेवली, तर पाऊसही अडतो आणि हवाही खेळते. याला फार खर्च येत नाही. नवीन मदतनिसांनी पावसाळ्याआधी करायचं पहिलं काम हेच, असं मी म्हणेन.

तिसरी गोष्ट वेगळा कप्पा. खोकणाऱ्या कुत्र्यासाठी दूर, वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला एक जागा हवीच. ती नसेल तर निदान भिंतीआड. एका जाळीच्या अलीकडे-पलीकडे ठेवणं म्हणजे वेगळं ठेवणं नव्हे. आणि कामाचा क्रम ठरलेला हवा: आधी पिल्लं, मग निरोगी मोठी कुत्री, सगळ्यात शेवटी आजारी. उलट्या क्रमाने गेलात तर खोकला तुमच्याच हातांनी वाटला जातो. आजारी कप्प्याची भांडी, झाडू, साखळी वेगळी, शक्यतो वेगळ्या रंगाची. साबणाने हात धुवायला नळ जवळ हवा.

सफाईबद्दल एक बारकावा. आधी विष्ठा, केस, चिकट लाळ साबणाच्या पाण्याने घासून काढायची आणि मगच ब्लीच. घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच वाया जातं. घरगुती ब्लीच, म्हणजे ज्यात सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्क्यांच्या आसपास असतं, ते एक भाग आणि पाणी ३० भाग, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग धुऊन कोरडं करायचं. हे करताना कुत्रे बाहेर हवेत. ब्लीच अ‍ॅसिडमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि बंद शेडमध्ये उग्र वासाचं फिनेल रोज ओतून खोकणाऱ्या कुत्र्यांचा त्रास वाढवू नका.

चौथी गोष्ट रजिस्टर. कुत्रा कुणाचा, कधी आला, लस कधीची, कोणत्या कप्प्यात, रोज जेवला का, खोकला-शिंक-जुलाब आहेत का, डॉक्टरांना कधी दाखवला, मालकाला कधी कळवलं. साध्या वहीत पट्टीने रेघा मारून हे होतं. उद्या कुणी तक्रार केली तर “आम्ही काळजी घेतली” हे शब्द कामाला येत नाहीत, ही वही येते. प्रामाणिकपणे काम करूनही वही ठेवत नाहीत म्हणून अडचणीत आलेले लोक मी पाहिलेत, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

मालकाची बाजूही तितकीच आहे

दोन दिवसांपासून कुत्रा थोडा खोकतोय, पण तिकिटं काढलेली आहेत, सांगितलं तर ठेवून घेणार नाहीत, म्हणून गप्प बसायचं. हे होतं, आणि वारंवार होतं. असा एक कुत्रा अख्ख्या शेल्टरला आजारी पाडू शकतो, त्यात ऑपरेशन झालेली आणि रस्त्यावरून उचललेली अशक्त पिल्लं असतात. खोकला असेल तर सांगा. ठेवून घेतलं नाही तर नातेवाइकाला घरी येऊन राहायला सांगा, नाहीतर प्रवास पुढे ढकला. खोकला नुकताच थांबला असेल तरीही सांगा, कारण बरा दिसणारा कुत्रा पुढे काही आठवडे बोर्डेटेला पसरवू शकतो.

यासाठी कायद्यातही जागा आहे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १५० प्रमाणे, ताब्यात दिलेल्या गोष्टीत माहीत असलेला असा दोष, ज्यामुळे घेणाऱ्याला नेहमीपेक्षा जास्त धोका होईल, तो सांगणं देणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगितल्यामुळे थेट नुकसान झालं तर भरपाई त्याच्यावर येते. म्हणजे माहीत असून लपवलं तर शेल्टर तुमच्याकडे पैसे मागू शकतं.

कायदा शेल्टरला काय म्हणतो

कुत्र्याला “वस्तू” म्हणताना जीभ अडखळते, पण कुणाच्या ताब्यात काही सांभाळायला देण्याला करार कायद्यात निक्षेप म्हणतात आणि कुत्राही त्यात येतो. कलम १५१ सांगतं की सांभाळणाऱ्याने तितकी काळजी घ्यायची, जितकी सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. पैसे घेतले की नाही याने हे माप बदलत नाही. कलम १५२ सांगतं की एवढी काळजी घेऊनही नुकसान झालं, आणि वेगळा करार नसेल, तर तो जबाबदार नाही. काळजी घेतली हे दाखवायचं काम सांभाळणाऱ्याचं, कारण आत काय झालं ते त्यालाच माहीत असतं. म्हणून ती वही.

याशिवाय प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चं कलम ३ आहे. प्राणी ज्याच्या ताब्यात, त्याने त्याच्या हितासाठी आणि त्याला विनाकारण वेदना होऊ नयेत म्हणून वाजवी ते सगळं करायचं. आजारी कुत्रा दिसतोय आणि डॉक्टरांना दाखवत नाही, मालकालाही कळवत नाही, तर गोष्ट इथपर्यंत जाते.

“आजार झाल्यास आम्ही जबाबदार नाही” असा फॉर्म सही करून घेतात. त्यावर सही केली म्हणून तुमचं सगळं संपलं असं समजू नका, आणि फॉर्मला काहीच किंमत नाही असंही समजू नका. कुत्री एकत्र राहिली की खोकल्याचा धोका असतो, हे तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही मान्य केलं, एवढं त्यातून नक्की दिसतं. पण शेजारच्या कप्प्यात चार कुत्री खोकत असताना ते न सांगता तुमचा कुत्रा आत घेतला, तर एका ओळीच्या फॉर्ममागे लपता येऊ नये असं माझं ठाम मत आहे. फॉर्म वाचा, त्याचा फोटो काढा, आणि पेनने एक ओळ जोडायला सांगा: “कुत्रा आजारी दिसल्यास त्याच दिवशी मालकाला फोन करू आणि डॉक्टरांना दाखवू. खर्च अमुक रकमेपर्यंत न विचारता करावा.” ही ओळ दोघांनाही वाचवते.

पैशांचं बोलणं

सौम्य खोकला, शेल्टरने लगेच मान्य केलं, बाकीच्यांना कळवलं, रजिस्टर नीट आहे. अशा वेळी माझा सल्ला साधा आहे: औषधाचं बिल दाखवा, अर्धं-अर्धं करा किंवा पुढच्या वेळच्या बोर्डिंगमधून वजा करून घ्या, आणि संबंध टिकवा. साताऱ्यासारख्या गावात विश्वासाने कुत्रा ठेवता येईल अशा जागा मोजक्याच असतात.

पण न्यूमोनिया झाला, सलाइन लावावं लागलं, एक्स-रे काढावे लागले, आणि त्या दिवसांत तिथे आधीपासून कुत्री खोकत होती हे इतर मालकांकडून कळलं, तर गप्प बसू नका. पैसे देऊन घेतलेलं बोर्डिंग ही सेवा आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तिला लागू होतो. आधी लेखी मागणी करा, बिलांच्या प्रती जोडा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा, काही प्रकरणं तिथेच मिटतात. तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि मुदत २ वर्षांची. बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट अशी की २०१९ च्या कायद्यात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. कुत्रा पुण्यात बोर्डिंगला ठेवला होता तरी शाहूपुरीत राहणारा माणूस साताऱ्यातच दाद मागू शकतो.

सोबत लागेल ते: पैसे दिल्याची पावती किंवा ऑनलाइन पेमेंटचा स्क्रीनशॉट, भरलेला फॉर्म, लसीचं कार्ड, केसपेपर आणि बिलं, मेसेज, व्हिडिओ, आणि त्याच दिवसांत तिथे असलेल्या दुसऱ्या एखाद्या मालकाचं लेखी म्हणणं. हे शेवटचं सगळ्यात वजनदार. एकटा कुत्रा खोकला तर कुठून आलं हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. एकाच आठवड्यात, एकाच शेडमधले सहा खोकले तर गोष्ट वेगळी.

फुकट सेवा मात्र ग्राहक कायद्यात बसत नाही. रस्त्यावरचे जखमी कुत्रे सांभाळणाऱ्या संस्थेने तुमच्या कुत्र्याला चार दिवस विनामूल्य ठेवलं, किंवा तिथून तुम्ही पिल्लू दत्तक घेतलं आणि ते घरी येऊन खोकलं, तर ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही. माणूस म्हणून प्रश्न मात्र विचारता येतात. दत्तक घेताना विचारायचं: किती दिवसांपासून इथे आहे, कोणती लस झाली, शेजारी कुणी आजारी आहे का. संस्थेनेही माहीत आहे ते सगळं सांगून, लिहून पिल्लू द्यायचं.

शेल्टरवर नवीन असाल तर हे विसरू नका

प्रत्येक खोकला केनेल कफ नसतो. आपल्याकडे जिवाला खरा धोका डिस्टेंपरचा, आणि तोही सुरुवातीला खोकला-शिंका असाच दिसतो. खोकल्यासोबत डोळ्यांत घट्ट चिपड, ताप, जुलाब, पंजाची कातडी कडक होणं, नंतर एखादा पाय किंवा जबडा सारखा उडणं, असं दिसलं तर डॉक्टरांना डिस्टेंपरची तपासणी करायला सांगा आणि त्या कुत्र्याला पूर्ण वेगळं करा. “साधा खोकला आहे, जाईल” म्हणून असं पिल्लू बाकीच्या पिल्लांत ठेवलं की एका पंधरवड्यात काय होतं ते बघवत नाही. नवीन आलेला प्रत्येक कुत्रा शक्यतो १४ दिवस वेगळा ठेवायचा, तो याचसाठी. जागा नाही, हे मला माहीत आहे. निदान पिल्लांपासून तरी लांब ठेवा. आजार ओळखणं अवघड वाटलं आणि गावात सोय नसेल, तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महामार्गालगत, आपल्याच जिल्ह्यात.

आणि खोकल्याची साथ आली तर शेल्टर लपून चालवू नका. दोन-तीन आठवडे नवीन कुत्री घेणं थांबवा, फाटकावर पाटी लावा, ठरलेली बुकिंग रद्द करून पैसे परत करा. उत्पन्न बुडतं हे खरं. पण पुढच्या दिवाळीत लोक परत तुमच्याकडेच येतात, कारण तुम्ही फोन करून स्वतःहून सांगितलेलं असतं.

घरी आणल्यावरचे दिवस

गळ्याचा पट्टा काढा, छातीवरचा हार्नेस घाला. खोकला पूर्ण थांबल्यानंतरही दोन आठवडे चार भिंतीची टेकडी, मैदान, दुसऱ्या कुत्र्यांच्या घरी भेट, सगळं बंद. शी-शूसाठी गल्लीत नेतानाही रस्त्यावरच्या कुत्र्यांपासून लांब ठेवा, त्यांना औषध द्यायला कुणी मालक नसतो. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दार लावून दहा मिनिटं वाफेत बसवलं की घसा सैल होतो. तुम्ही सोबत बसा, म्हणजे तो घाबरणार नाही. उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल त्याच्या खोलीत लावू नका. घरात मांजर असेल तर तिलाही बोर्डेटेला होऊ शकतो, तिची भांडी वेगळी ठेवा. माणसाला हा सहसा लागत नाही, पण घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर त्यांनी काही दिवस लांब राहावं आणि आपल्या डॉक्टरांना विचारावं.

अँटिबायोटिक दिलं असेल तर खोकला थांबला म्हणून मध्येच बंद करू नका. तीन आठवड्यांनंतरही ढास येत असेल तर परत दाखवा, कारण मग हृदय, श्वासनलिका किंवा दुसरंच काही असू शकतं.

पुढच्या वेळी कुत्रा ठेवायच्या आधी, गर्दी नसलेल्या दिवशी, सकाळी सफाईच्या वेळेला न सांगता शेल्टरवर जाऊन या. फाटकात पाच मिनिटं नुसतं उभं राहून ऐका, किती कुत्री खोकताहेत. मग आत जाऊन विचारा: “खोकणारा कुत्रा आला तर तुम्ही त्याला कुठे ठेवता, ती जागा दाखवाल का?”